अल्कोहोलचे प्रज्वलन आणि हवेत मिसळलेले वायू : एका अनपेक्षित निरीक्षणाबद्दल

दट्ट्या (धागाकर्ता)

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ६६० सीसीचे एक-सिलिंडर डिझेल इंजिन आहे आणि गेले काही महिने आम्ही ते इथेनॉलवर, तेही ठिणगीशिवाय चालवत आहोत. इथेनॉलची वाफ तापवलेल्या हवेत आधीच मिसळायची, ते मिश्रण सिलिंडरमध्ये घ्यायचे आणि दट्ट्या (पिस्टन) वर येताना दाबामुळे जी उष्णता निर्माण होते तिनेच ते पेटू द्यायचे, अशी ही पद्धत आहे. आत येणारी हवा १३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्याखेरीज आमचे इंजिन पेट घेत नाही, आणि यात आश्चर्य नाही, कारण इथेनॉलचा सिटेन अंक (इंधन दाबाखाली किती चटकन आपोआप पेटते याचे माप) ८ च्या आसपास आहे, तर आपल्या पंपावरच्या डिझेलचा किमान ५१ असावा लागतो.

ज्वलन फार लवकर आणि एकदम होऊ लागले, तर थोडा निकास वायू (इंजिनातून बाहेर पडणारा धूर) थंड करून हवेत मिसळावा, असा रूढ उपाय आहे. निकास वायूतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उष्णता शोषून घेतात, ऑक्सिजनचे प्रमाण घटते आणि मिश्रण उशिरा पेटते, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. आमच्याकडे मात्र हवेचा सुमारे दहावा भाग निकास वायू मिसळल्यावर ज्वलन क्रँकच्या फिरण्याच्या मापाने दोन-तीन अंश लवकर होऊ लागले. आत येणाऱ्या मिश्रणाचे तापमान तेच होते, इंधनाचे प्रमाण तेच होते, वेगही तोच होता. दाबमापक बदलून पाहिला, क्रँकच्या अंशांची नोंद पुन्हा जुळवून पाहिली, तरी फरक कायम राहिला. याचे कारण रसायनशास्त्रात आहे असे मला वाटते, म्हणून हा धागा काढला आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

शृंखला

आपल्या निरीक्षणाचे कारण सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारते. हा निकास वायू आपण नेमका कोणत्या इंजिनाचा घेतला होता? उत्तर येईपर्यंत अल्कोहोल उशिरा का पेटते ते मांडून ठेवते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की इंधनाचा रेणू तापला की ऑक्सिजनशी थेट संयोग पावून जळतो. प्रत्यक्षात ज्वलन ही मुक्त मूलकांची (रेणूंच्या तुटलेल्या, लगेच संयोग पावू पाहणाऱ्या तुकड्यांची) साखळी असते आणि या साखळी-अभिक्रियांवरच्या कामासाठी सेम्योनोव्ह आणि हिन्शेलवूड या रसायनशास्त्रज्ञांना १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एका मूलकापासून एकच मूलक होत राहिले तर साखळी नुसती चालू राहते. एकापासून दोन किंवा तीन होऊ लागले तर ती फांदते, आणि ती पुरेशी फांदल्यावरच स्फोटक वेगाने ज्वलन होते. म्हणून कोणतेही इंधन तपासताना त्याची साखळी कोठे फांदते आणि कोठे अडखळते, हे पाहावे लागते.

इथेनॉलच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट ज्या कार्बनला जोडलेला असतो, त्या कार्बनवरचा हायड्रोजन सर्वांत सैल असतो. तो तोडायला मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल लागतात, तर ऑक्सिजनवरचा हायड्रोजन तोडायला सुमारे ४४०. त्यामुळे हायड्रॉक्सिल मूलक (म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांची ती अत्यंत चपळ जोडी) इथेनॉलला भेटले की बहुतेक वेळा तोच सैल हायड्रोजन ओढून घेते आणि स्वतः पाणी होऊन जाते. उरलेले मूलक ऑक्सिजनला भेटताच ॲसिटाल्डिहाइड तयार होते आणि त्यासोबत हायड्रोपेरॉक्सी मूलक बाहेर पडते. मेथॅनॉलमध्येही हेच घडते, फक्त तेथे फॉर्माल्डिहाइड तयार होते.

सगळी अडचण या हायड्रोपेरॉक्सी मूलकात आहे. ते हायड्रॉक्सिलच्या मानाने अगदी मंद असते. चपळ मूलक देऊन बदल्यात मंद मूलक घेणे, असा हा घाट्याचा व्यवहार अल्कोहोल प्रत्येक फेरीत करते. डिझेलमधील लांब साखळीच्या हायड्रोकार्बनांमध्ये याच टप्प्यावर ऑक्सिजन इंधनाच्या मूलकाला चिकटतो, रेणूच्या आतच हायड्रोजन सरकतो, दुसरा ऑक्सिजन चिकटतो आणि शेवटी दोन-तीन चपळ मूलके सुटतात, त्यामुळे ती ६०० ते ८०० केल्विनलाच फांदू लागतात. इथेनॉल-मेथॅनॉलला ही वाट जवळपास बंद आहे. त्यांना थांबावे लागते ते दोन मंद मूलके एकत्र येऊन, किंवा एक मंद मूलक इंधनाचा हायड्रोजन ओढून, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होईपर्यंत आणि तापमान साधारण ९५० ते १००० केल्विनवर जाऊन तो पेरॉक्साइड दुभंगेपर्यंत. त्यानंतर मात्र प्रत्येक पेरॉक्साइड रेणूमागे दोन हायड्रॉक्सिल मूलके मिळतात आणि मिश्रण पेट घेते.

हवेत मिसळलेला कोणताही वायू अल्कोहोलच्या प्रज्वलनावर काय परिणाम करील, हे ठरवताना मी म्हणूनच त्याचे ज्वलनमूल्य आधी पाहत नाही. या साचून राहिलेल्या हायड्रोपेरॉक्सी मूलकांचे तो काय करतो, हे आधी पाहते.

दट्ट्या

आपला प्रश्न वाचून मी नोंदवही पुन्हा उघडली. आमच्या इथेनॉल इंजिनाच्या निकासनळीला त्या वेळी परतीची जोडणी नव्हती, म्हणून शेजारच्या चाचणी-मंचावर नेहमीच्या डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाचा निकास वायू गाळून आणि थंड करून घेतला होता. निकास तो निकास, त्यात प्रामुख्याने नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि वाफच असणार, असा विचार मी केला होता.

शृंखला

मग उत्तर तेथेच आहे. डिझेल इंजिनाच्या निकासात नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात काही शे भाग असते, भार जास्त असेल तर हजाराच्याही पुढे जाते. त्याचा दहावा भाग आपल्या मिश्रणात आला असे धरले, तर कित्येक दहा पीपीएम (म्हणजे दशलक्षात तितके भाग) नायट्रिक ऑक्साइड आपल्या सिलिंडरमध्ये पोहोचत होता. ऐकायला हे प्रमाण नगण्य वाटते, पण नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोपेरॉक्सी मूलक एकमेकांना भेटले की जवळजवळ कोणताही अडथळा न येता नायट्रोजन डायऑक्साइड आणि हायड्रॉक्सिल तयार होतात. ज्या मंद मूलकाला पेरॉक्साइड होऊन १००० केल्विनची वाट पाहायची होती, ते त्याआधीच चपळ मूलक होऊन इंधनावर परत जाते. अल्कोहोलने केलेला घाट्याचा व्यवहार येथे उलटवला जातो.

महत्त्वाचे म्हणजे नायट्रिक ऑक्साइड यात संपत नाही. तयार झालेला नायट्रोजन डायऑक्साइड हायड्रोजन अणूला भेटला, तर नायट्रिक ऑक्साइड आणि आणखी एक हायड्रॉक्सिल देतो. तो इंधनाचा हायड्रोजन ओढून नायट्रस आम्ल झाला, तर ते आम्लही पुढे तापून नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रॉक्सिल यांत दुभंगते. म्हणजे तोच रेणू पुन्हा पुन्हा कामाला येतो, आणि त्यामुळेच दशलक्षात पन्नास भागांचा परिणाम दाबाच्या आलेखावर उमटू शकतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रमाण बरेच वाढवले आणि तापमान कमी असले, तर नायट्रिक ऑक्साइड हायड्रॉक्सिललाच पकडून नायट्रस आम्लात अडकवतो आणि प्रज्वलन लांबते. त्यामुळे ‘नायट्रिक ऑक्साइडने प्रज्वलन लवकर होते’ असे सरसकट विधान करणे धोक्याचे आहे. किती प्रमाण, कोणते तापमान आणि कोणता दाब हे सोबत सांगितले नाही, तर त्या विधानाला अर्थ उरत नाही.

एक चाचणी सुचवते. आपल्या इथेनॉल इंजिनाचाच निकास परत घ्या. या पद्धतीचे विरळ मिश्रण (इंधन कमी, हवा जास्त) तुलनेने थंड जळते, म्हणून त्यात नायट्रिक ऑक्साइड फारच थोडा तयार होतो. माझे म्हणणे बरोबर असेल, तर त्या निकासाने ज्वलन उशिरा व्हायला हवे.

ऊसपट्टा

मी साखर कारखान्याच्या आसवनीत काम करतो, त्यामुळे इंजिनापेक्षा ऊर्ध्वपातनाचे स्तंभ आणि मळी यांच्याशी माझा संबंध अधिक. चर्चा वाचून पाण्याबद्दल विचारावेसे वाटते. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे शुद्ध होत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी ते ९९.५ टक्क्यांच्या वर न्यावे लागते, आणि त्यासाठी मॉलिक्युलर सिव्हवर (पाणी शोषून घेणाऱ्या सच्छिद्र दाण्यांवर) वेगळी ऊर्जा आणि वेगळा खर्च होतो. नागपुरात ऑगस्ट २०१४ मध्ये इथेनॉलवरची बस रस्त्यावर आली, तेव्हा तिच्या इंधनात ९५ टक्के इथेनॉल असते असे वाचले होते. इंजिनात वाफेच्या रूपाने गेलेले पाणी प्रज्वलनाला मारक असते की तारक?

दट्ट्या

पाण्याचा भौतिक परिणाम निश्चितच मारक आहे आणि अल्कोहोलच्या बाबतीत तो अधिक जाणवतो, कारण अल्कोहोल स्वतःच बाष्पीभवनात पुष्कळ उष्णता खाते. एक किलो इथेनॉलचे बाष्प करायला सुमारे ९०० किलोज्यूल लागतात आणि एक किलो इथेनॉल जाळायला नऊ किलो हवा लागते, म्हणजे किलोभर हवेवर सुमारे १०० किलोज्यूलांचा भार पडतो. पेट्रोलसाठी हाच भार २५ किलोज्यूलांच्या आसपास असतो. ब्राझीलमध्ये १९७९ पासून अल्कोहोलवरच्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा थंडीत सुरू करण्यासाठी त्यांत पेट्रोलची छोटी वेगळी टाकी ठेवावी लागे, यामागेही मुख्यतः अल्कोहोलची वाफ थंडीत पुरेशी न होणे हेच कारण होते. त्यात पाणी मिसळले की परिस्थिती आणखी अवघड होते.

नागपूरच्या बसमधले इंधन स्वीडनच्या पद्धतीचे होते. स्टॉकहोममध्ये अशा बस १९९० च्या सुमारास धावू लागल्या. त्यांच्या इंधनात प्रज्वलन सुधारणारे द्रव रसायन मिसळलेले असते, आणि इंजिनाचे संपीडन गुणोत्तर (दट्ट्या वर येताना मिश्रणाचे आकारमान किती पटींनी घटते ते) २८ पर्यंत नेलेले असते, तर सामान्य डिझेल इंजिनात ते १६ ते १८ असते. रसायनाने काही अंतर तोडायचे आणि उरलेले दाबाने मिळालेल्या तापमानाने, अशी ती विभागणी आहे.

शृंखला

पाण्याच्या रासायनिक बाजूबद्दल एक भर घालते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू आपोआप दुभंगत नाही. दुसऱ्या एखाद्या रेणूची धडक बसून त्याला ऊर्जा मिळावी लागते. अशी धडक देण्यात पाण्याचा रेणू नायट्रोजनपेक्षा कितीतरी पटींनी परिणामकारक आहे. म्हणून संपीडनानंतरचे तापमान काटेकोरपणे सारखे ठेवून वाफ मिसळली, तर मध्यम तापमानात ती पेरॉक्साइड दुभंगायला मदत करते. त्याउलट १२०० केल्विनच्या आसपास किंवा वर हीच धडक हायड्रोजन अणू आणि ऑक्सिजन यांना फांदण्याऐवजी हायड्रोपेरॉक्सी मूलकात बांधते, आणि तेथे वाफ आडवी येते. इंजिनात मात्र तापमान सारखे राहत नाही, वाफेने ते उतरते आणि बहुतेक वेळा उतरलेले तापमानच वरचढ ठरते. आपल्या आसवनीतले पाच टक्के पाणी रसायनाच्या दृष्टीने शत्रू नाही, उष्णतेच्या हिशेबात मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

संशोधक हे दोन परिणाम वेगळे कसे करतात तेही येथे सांगण्यासारखे आहे. जलद संपीडन यंत्रात एकाच धडाक्यात मिश्रण दाबले जाते आणि दट्ट्या वरच रोखून ठेवला जातो, मग पेट घ्यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजतात. तेथे नायट्रोजनऐवजी आर्गॉन वापरला तर तापमान फार चढते. ३०० केल्विनची हवा दाबून तिचे आकारमान सोळाव्या भागावर आणले तर आदर्श हिशेबाने सुमारे ९०० केल्विन होते, पण शुद्ध आर्गॉन १९०० केल्विनपर्यंत पोहोचेल. आर्गॉन रासायनिकदृष्ट्या काहीही करत नाही, तरी प्रज्वलन बदलते. कार्बन डायऑक्साइडने याच्या उलट होते. तापमान सारखे ठेवण्याचे पथ्य न पाळता केलेल्या प्रयोगांतून वायूच्या रसायनाबद्दल काढलेले निष्कर्ष मी तरी स्वीकारत नाही.

गॅरेजवाला

माझे शिक्षण यंत्रशाळेतले आहे, त्यामुळे काही चुकले तर सांगावे. आमच्याकडे गाडीत बसवायचे हायड्रोजनचे संच विकायला येतात. बॅटरीवर पाण्याचे विघटन करून निघालेला वायू हवेच्या नळीत सोडायचा, आणि त्याने मायलेज वाढते असा दावा असतो. ‘ई-२०’ (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल आल्यापासून गिऱ्हाईके याबद्दल अधिक विचारतात, कारण अल्कोहोल नीट पेटत नाही असे त्यांनी ऐकलेले असते. आपण म्हणता ५० पीपीएम नायट्रिक ऑक्साइड पुरतो, तर हायड्रोजनही थोडासा पुरत नाही का?

शृंखला

प्रश्न अगदी मर्मावर आहे, म्हणून आकडे मांडून उत्तर देते. असा संच १२ व्होल्टवर २० अँपिअर ओढतो आणि त्यात सहा कोष एकामागे एक जोडलेले आहेत असे धरू. विद्युत विघटनाच्या नियमाने त्यातून मिनिटाला सुमारे ०.९ लिटर हायड्रोजन निघेल. १२०० सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर पूर्ण भाराला सुमारे १५०० लिटर हवा ओढते. म्हणजे हायड्रोजनचे प्रमाण सोळाशेत एक भाग, सुमारे ६०० पीपीएम झाले.

नायट्रिक ऑक्साइड ६०० पीपीएम असता तर त्याचा परिणाम ठळक दिसला असता. हायड्रोजनचा दिसत नाही, कारण तो उत्प्रेरकासारखा वागत नाही. तो इतर इंधनांसारखा जळून संपतो, आणि मध्यम तापमानात तर हायड्रॉक्सिल खर्च करून हायड्रोजन अणू देतो, जो ऑक्सिजनला चिकटून पुन्हा तेच मंद हायड्रोपेरॉक्सी मूलक बनतो. तेथे हायड्रोजन मदत करण्याऐवजी किंचित अडवतोच. साधारण ११०० केल्विनच्या पुढे मात्र हायड्रोजन अणू आणि ऑक्सिजन यांची फांदणारी अभिक्रिया जोर धरते आणि मोठ्या प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन प्रज्वलन लवकर घडवतो. ठिणगीच्या इंजिनात त्याचा खरा गुण वेगळाच आहे : हायड्रोजन-हवेचे मिश्रण ०.०२ मिलिज्यूल इतक्या अल्प ऊर्जेच्या ठिणगीने पेटू शकते आणि त्याची ज्योत फार वेगाने पसरते, म्हणून विरळ अल्कोहोल मिश्रणात काही टक्के हायड्रोजन असेल तर ज्वलन स्थिर होते. येथे ‘काही टक्के’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

दट्ट्या

ऊर्जेचा हिशेबही मी जोडतो. त्या संचातून सुमारे १५० वॅट इतकी रासायनिक ऊर्जा मिळते. त्यासाठी २४० वॅट वीज लागते, ती अल्टरनेटर निम्म्याहून थोड्या अधिक कार्यक्षमतेने देतो आणि इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा साधारण चौथा भागच त्याच्यापर्यंत पोहोचवते. म्हणजे १५० वॅट मिळवण्यासाठी दीड हजार वॅटहून अधिक ऊर्जेचे इंधन जळते. गिऱ्हाइकांना हे अवश्य सांगावे. ‘ई-२०’ पेट्रोल ठिणगीने पेटवायला अडचण नसते. ठिणगीच्या इंजिनात अल्कोहोलचे आपोआप न पेटणे हा गुण ठरतो, कारण त्यामुळे इंजिन ठोके देत नाही.

ओझोनबद्दल कोणी लिहील का? आमच्या विभागात ओझोन तयार करणारे एक छोटे विद्युत-विसर्जन यंत्र आहे, म्हणून विचारतो.

शृंखला

ओझोन हे या विषयातले सर्वांत देखणे उदाहरण आहे. त्याचा तिसरा ऑक्सिजन अणू सोडवायला मोलमागे सुमारे १०७ किलोज्यूल पुरतात. हायड्रोजन पेरॉक्साइड दुभंगायला साधारण दुप्पट लागतात. त्यामुळे दट्ट्या अर्ध्या वाटेवर असतानाच, ५००-६०० केल्विनच्या पुढे, ओझोन तुटू लागतो आणि ऑक्सिजन अणू सुटतो. तो अल्कोहोलचा हायड्रोजन ओढतो आणि हायड्रॉक्सिल देतो. अल्कोहोलला ज्या काळात स्वतःची मूलके तयार करता येत नाहीत, नेमक्या त्याच काळात बाहेरून मूलकांचा पुरवठा होतो. फ्रान्समध्ये ओर्लेआँ येथे झालेल्या कामात मेथॅनॉल, इथेनॉल आणि ब्युटॅनॉल या तिन्हींचे ज्वलन ओझोनने लवकर आणता येते असे दाखवले गेले आहे, आणि दशलक्षात काही दहा भाग ओझोननेही बदल दिसतो.

आपल्या मांडणीत मात्र एक अडथळा येईल. नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन साध्या तापमानालाही एकमेकांना संपवतात. डिझेलच्या निकासासोबत ओझोन सोडलात, तर तो नळीतच नायट्रोजन डायऑक्साइड तयार करण्यात खर्ची पडेल आणि ओझोनचा काही परिणाम नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल. शिवाय माणसासाठी कामाच्या जागी ओझोनची मर्यादा ०.१ पीपीएम मानतात, तेव्हा सांधे तपासल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

शेवटी डायमिथाइल इथरबद्दल लिहिते, कारण अल्कोहोलचा स्वभाव तेथे सर्वांत उघडा पडतो. हा वायू उणे २५ अंशांना उकळतो, मेथॅनॉलच्या दोन रेणूंमधून पाणी काढून तयार होतो आणि त्याचा सिटेन अंक ५५ च्या वर आहे. म्हणजे न पेटणाऱ्या मेथॅनॉलपासूनच चटकन पेटणारा वायू करून तो त्याच्यातच मिसळता येतो. डायमिथाइल इथर स्वतः कमी तापमानात फांदतो आणि भरपूर हायड्रॉक्सिल देतो. पण मिश्रणात मेथॅनॉल जास्त असेल तर ते ही हायड्रॉक्सिल मूलके ओरपून हायड्रोपेरॉक्सीत बदलते, आणि इथरची पहिली मंद ज्वलनाची पायरी आलेखावरून जवळपास नाहीशी होते. इथर किती घातला यापेक्षा त्याच्यासमोर अल्कोहोल किती आहे, यावर निकाल ठरतो. अल्कोहोल जळायला उशीर लावतेच, पण शेजाऱ्यालाही जळू देत नाही.

दट्ट्या

आज दोन गोष्टी नोंदवतो. आम्ही इथेनॉल इंजिनाच्या स्वतःच्या निकासाची परतीची जोडणी केली आणि तोच दहावा भाग परत घेतला. ज्वलन उशिरा झाले. त्यानंतर निकास पूर्ण बंद करून, वायू-विश्लेषकाच्या प्रमाणीकरणासाठी असलेल्या २००० पीपीएमच्या सिलिंडरातून नायट्रोजनमधला नायट्रिक ऑक्साइड मिनिटाला आठ-दहा लिटर सोडला, म्हणजे मिश्रणात सुमारे ५० पीपीएम. ज्वलन पुन्हा लवकर आले आणि झडप बंद करताच काही आवर्तनांत पूर्वस्थितीला गेले. तुलनेसाठी तेवढाच शुद्ध नायट्रोजन सोडला तेव्हा आलेख जागचा हलला नाही.

एक शंका उरली आहे. आमच्या स्वतःच्या निकासात न जळलेले इथेनॉल आणि ॲसिटाल्डिहाइड दोन्ही असतात, आणि ॲसिटाल्डिहाइड स्वतः प्रज्वलनाला थोडी मदत करीत असावे. म्हणजे दिसलेला उशीर खऱ्या उष्णता-शोषणापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. पुढच्या आठवड्यात निकासाऐवजी सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन त्याच प्रमाणात मिसळून तो फरक मोजणार आहोत. आलेख येथेच टाकीन.

ऊसपट्टा

आलेखाची वाट पाहतो. जमल्यास एक चाचणी ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलवरही घ्यावी.